बेलफास्ट, डिसेंबर १९४३

नोकरीची सगळी वर्षं गोदीच्या ड्रॉइंग ऑफिसात गेली. पाइप, व्हॉल्व्ह, ब्रॅकेट, मशीनचे पाये असंच काढत आलो. ड्राफ्ट्समनच्या वाट्याला जहाजाचा तुकडा येतो, आख्खं जहाज येत नाही. म्हणून निवृत्त झाल्यावर एक क्रूझर नाळेपासून शेपटापर्यंत काढायची, तीही दुसऱ्या महायुद्धात शत्रूला चकवायला दिलेल्या रंगांच्या पट्ट्यांसकट, असं मनात होतं. ते काम धरलं त्यापेक्षा पुष्कळ लांबलं आणि पैसेही बरेच गेले. असा नाद आणखी कुणाला असेल तर त्याचे थोडे वाचावेत, म्हणून झालं तसं सांगतो.

आधी 'म्हैसूर' काढायचा विचार होता. आमच्या पिढीनं मुंबई बंदरात पाहिलेली ती क्रूझर. मूळची ब्रिटिश 'नायजेरिया'. १९५७ साली ती भारतीय नौदलात आली, १९८५ साली निवृत्त झाली आणि पुढे भंगारात गेली. युद्धात तिच्यावर सहा इंची बारा तोफा होत्या, आपल्याकडे होती तेव्हा नऊ. मधल्या काळात काय काय बदललं ते जाऊन बघायला आता जहाजच नाही. त्याच जातीच्या तोफांची एक क्रूझर मात्र लंडनला थेम्स नदीत अजून उभी आहे, 'बेलफास्ट'. मुलगी लंडनलाच असते, तेव्हा राहण्याजेवण्याचा प्रश्न नव्हता. बेलफास्टवर शिक्का मारला.

जायच्या आधी हाताशी काहीतरी असावं म्हणून इंटरनेटवरून एक तयार आराखडा विकत घेतला. स्वस्त नव्हता. त्यावर 'युद्धकालीन बेलफास्ट, रंगांसह' असं लिहिलेलं होतं. रेषा सुबक होत्या, अक्षर देखणं होतं. मी खूश झालो. पण दोन-तीन पुस्तकं समोर ठेवून ताडून पाहायला लागलो तसतसा चेहरा पडत गेला. रुंदी १९३८ ची, मास्ट १९५९ चे आणि रंगाचे पट्टे १९४२ चे. असं जहाज कधी समुद्रावर चाललंच नाही.

हे नीट समजायला बेलफास्टची हकिगत थोडी माहीत हवी. ती १७ मार्च १९३८ रोजी पाण्यात सोडली आणि ऑगस्ट १९३९ मध्ये नौदलात दाखल झाली. महायुद्ध सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, २१ नोव्हेंबर १९३९ ला, स्कॉटलंडच्या फर्थ ऑफ फोर्थ खाडीत तिच्याखाली चुंबकीय सुरुंग फुटला. कणाच वाकला तिचा. दुरुस्ती चालली ती थेट नोव्हेंबर १९४२ पर्यंत. त्या दुरुस्तीत तिच्या पोटाला दोन्ही बाजूंनी फुगवटा जोडला. मधली रुंदी ६३ फूट ४ इंच होती ती ६९ फूट झाली. माझ्या ड्रॉइंगचं प्रमाण एका फुटाला एक सोळांश इंच, म्हणजे १:१९२. त्यात हा फरक नऊ मिलिमीटरचा येतो. वरून पाहिलेला प्लॅन जुन्या रुंदीनं काढला तर बोटाच्या जाडीइतकं जहाजच गायब होतं.

विकणाऱ्याला पत्र लिहिलं. डिजिटल माल परत घेत नाही, एवढंच उत्तर आलं. सोडून दिलं. पण त्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं: 'बेलफास्ट, डिसेंबर १९४३, स्टारबोर्ड बाजू.' तारीख ठरली, बाजूही ठरली. डिसेंबर १९४३ यासाठी की २६ तारखेला नॉर्थ केपच्या लढाईत ती जर्मन 'शार्नहोर्स्ट'च्या पाठलागात होती. स्टारबोर्ड, म्हणजे उजवी बाजू, यासाठी की ब्रिटिश आराखड्यांत नाळ बहुधा उजव्या हाताला काढलेली असते आणि माझ्याही हाताला तीच सवय. बाजू ठरवावीच लागते. या रंगकामात दोन्ही बाजूंचे पट्टे एकसारखे नसतात. एक बाजू काढून ती आरशासारखी उलटी छापली की दुसरी तयार, असं करणारे आहेत. त्यांची ड्रॉइंग फार सुंदर दिसतात. चुकीचीही असतात.

लंडनला गेल्यावर जावई म्हणाले, "बाबा, एवढं कशाला? बोट समोर उभी आहे, रंगही युद्धातलाच दिलाय म्हणतात. फोटो काढा आणि बघून काढा." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बेलफास्टला आज दिलेली रंगांची ठेवण खरोखरच १९४२ च्या नोव्हेंबरपासून १९४४ च्या जुलैपर्यंतची आहे. नौदलाच्या भाषेत अ‍ॅडमिरल्टी डिसरप्टिव्ह, प्रकार २५. म्हणजे माझ्या तारखेला तोच पट्टा.

घोळ रंगात नाही, रंगाखाली आहे. १९५६ ते १९५९ मध्ये तिची मोठी डागडुजी झाली. जाळीचे मास्ट तेव्हाचे. बंदिस्त ब्रिज तेव्हाचा. आज तिच्यावर चार इंची तोफा आठ दिसतात, मुळात त्या बारा होत्या. टॉर्पेडोच्या नळ्या गेल्या. विमानं उडवायचं कॅटापुल्टही गेलं. युद्धात विमानविरोधी म्हणून बसवलेल्या वीस मिलिमीटरच्या ओर्लिकॉन तोफा गेल्या आणि त्यांच्या जागी बोफोर्स आल्या. १९४३ चे पट्टे १९५९ च्या अंगावर चढवलेले आहेत, आणि ते करताना म्युझियमवाल्यांनी काही फसवाफसवी केलेली नाही. सगळं नीट लिहून ठेवलंय. पण ब्रिजवर चढलेला पट्टा आज ज्या पत्र्यावर आहे तो पत्रा १९४३ साली नव्हताच, तर त्यावरून काय काढणार?

एक बारकावा सांगतो, म्हणजे तारीख का लागते ते कळेल. बेलफास्टवर वॉलरस जातीची दोन विमानं असत. ती जून १९४३ मध्ये उतरवली. कॅटापुल्ट मात्र १९४४-४५ च्या डागडुजीपर्यंत जागेवर होतं. म्हणजे डिसेंबर १९४३ च्या ड्रॉइंगमध्ये कॅटापुल्ट हवं आणि त्यावर विमान नको. विमान काढायचा मोह फार होतो. पुढच्या धुराड्यापुढची ती मोकळी जागा तेवढीच भरल्यासारखी वाटते. मी पेन्सिलीनं काढून पाहिलं, छान दिसलं, पुसलं.

मग जहाजावर जाऊन फायदा काय? फायदा झाला, आणि बराच झाला. जे बदललं नाही ते तिथे हाताला लागतं. सहा इंची तोफांचे चार टरेट तेच आहेत. नाळेची कड तीच. नांगर, साखळीच्या वाटा, दोर बांधायचे खुंट, पत्र्यांचे सांधे, पोर्टहोलच्या ओळी. मी लाल-पांढऱ्या चौकटींची एक फुटी पट्टी बनवून नेली होती. प्रत्येक फोटोत ती वस्तूला टेकवून ठेवायची. नंतर घरी बसून फोटोवरूनच माप निघतं. मुंबईत साइटवर हीच पद्धत होती, तिथेही कामाला आली. टेप लावतो आहे हे बघून तिथल्या एका म्हाताऱ्या स्वयंसेवकानं हटकलं नाही, उलट टेपचं दुसरं टोक धरलं. पुढचे दोन टरेट विशिष्ट कोनात उचलून ठेवलेत, ते का, हेही त्यानंच सांगितलं. सुमारे वीस किलोमीटरवर एम-वन महामार्गावर जी खानपानाची जागा आहे तिच्यावर त्यांचा नेम आहे. जावई तिथे नेहमी कॉफीला थांबतात. घरी सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना.

सगळी लांबी एका फोटोत हवी म्हणून नदीच्या पलीकडच्या काठावर गेलो. तिथून पूर्ण बाजू दिसते. जवळ उभं राहून रुंद लेन्सनं काढलेला फोटो या कामाला निरुपयोगी. मधला भाग फुगतो, टोकं आक्रसतात. जितकं लांबून आणि जितक्या लांब लेन्सनं काढाल तितकं ते ड्रॉइंगच्या जवळ जातं. हा फोटो पट्ट्यांसाठी नव्हता, हलच्या, म्हणजे जहाजाच्या अंगाच्या, रेषेसाठी होता. हल काही १९५९ मध्ये बदलला नाही.

कागदपत्रांचं म्हणाल तर ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमकडे ब्रिटिश युद्धनौकांच्या आराखड्यांचा प्रचंड साठा आहे आणि पैसे भरून प्रती मिळतात. त्यातले मागायचे ते 'अ‍ॅज फिटेड' आराखडे. जहाज बांधायला घेताना काढलेलं ड्रॉइंग वेगळं आणि बांधून झाल्यावर प्रत्यक्षात काय बसलं ते दाखवणारं वेगळं. गोदीत काम केलेल्याला हे सांगायला नको. डिझाइनमध्ये एक व्हॉल्व्ह असतो, जागेवर दुसरा. अ‍ॅज फिटेडवर नंतरचे बदल वेगळ्या रंगाच्या शाईनं चढवलेले असतात. म्हणून काळी-पांढरी प्रत घेऊ नये. सगळे बदल एकमेकांत मिसळतात आणि कुठली रेषा कधीची ते कळत नाही. रंगीत स्कॅनला जास्त पैसे पडतात. तिथे हात आखडू नये. पुस्तकांपैकी रॉस वॉटन यांचं १९८५ चं बेलफास्टवरचं पुस्तक मला फार उपयोगी पडलं. नुसती ड्रॉइंगच आहेत आणि बारीकसारीक सामान सुटं करून दाखवलंय. फक्त पुस्तकातलं मोठं ड्रॉइंग मधल्या घडीत जातं, तिथली मापं धरू नयेत. आणि जमलं तर नॉर्मन ऑ या गृहस्थाची ड्रॉइंग एकदा पाहावीत. ते १९६५ साली गेले. त्यांनी काढलेल्या होड्या, दोरखंड, कठडे बघितले की आपण इतकी वर्षं काय करत होतो असं वाटतं. मला वाटलं.

डोंबिवलीला परत आलो आणि खरी कटकट सुरू झाली. स्कॅनची प्रिंट काढायला दुकानात दिली. लांबी ६१३ फूट ६ इंच, म्हणजे १:१९२ ला ९७४ मिलिमीटर यायला हवी. ए-झीरो कागदावर आरामात बसते. घरी येऊन पट्टी लावली तर ९४० च्या आसपास. दुकानातल्या मुलानं 'कागदात बसव' असा पर्याय दाबला होता. त्याचा दोष नाही, सगळी गिऱ्हाइकं तेच मागतात. दुसऱ्यांदा शंभर टक्क्यांवर काढली. आता लांबी ९७२ आली, पण उंची नेमकी बरोबर. म्हणजे एका दिशेला आक्रसलं होतं. रोलरमधून कागद ओढला जातो तेव्हा असं होतं, जुनं ड्रॉइंग स्कॅन करतानाही होतं. लांबी जुळली म्हणजे सगळं जुळलं असं समजू नये. मी आता स्कॅनच्या फाइलमध्येच एक आडवी आणि एक उभी मोजपट्टी काढून ठेवतो. प्रिंट आली की आधी त्या दोन मोजायच्या, मग पैसे द्यायचे.

पुढचा त्रास पावसाचा. सवयीनं ट्रेसिंग पेपर घेतला होता. जुलैत तो फुगला. एक मीटर लांबीच्या कागदाला दमट हवेत दोन-तीन मिलिमीटर सहज येतात. सकाळी जुळलेली फ्रेमची, म्हणजे जहाजाच्या बरगडीची, रेषा संध्याकाळी सरकलेली असायची. ऑफिसात एसी होता, त्यामुळे हे लक्षात यायचं कारण नव्हतं. पॉलिएस्टर फिल्म आणली तेव्हा शांत झोप लागली. महाग आहे, पण हलत नाही. शिवाय शाई ब्लेडनं खरवडता येते. कॉम्प्युटरवर काढणाऱ्यांना हे काही लागू नाही. ते भाग्यवान. मला हातानंच जमतं.

आता पट्ट्यांकडे येतो. माझा सर्वात जास्त वेळ यातच गेला, आणि सगळ्यात मजाही इथेच आली.

युद्धातले बेलफास्टचे फोटो लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहेत, पुस्तकांतही छापलेले आहेत. काळे-पांढरे. त्यात गडद दिसतं ते गडद आणि फिकट दिसतं ते फिकट, असं मी धरून चाललो होतो. तर एका फोटोत जो पट्टा गडद होता तोच दुसऱ्या फोटोत मागच्या रंगात जवळजवळ विरून गेलेला. मी म्हटलं, मधे रंग बदलला असणार. तसं नव्हतं. फिल्म वेगळी होती. त्या काळी ऑर्थोक्रोमॅटिक नावाची फिल्म पुष्कळ वापरात होती. तिला लाल दिसत नाही, निळा मात्र फार दिसतो. त्यामुळे निळा रंग फोटोत फिकट येतो आणि लाल काळाठिक्कर. दुसरी पॅनक्रोमॅटिक. तिला सगळे रंग दिसतात, आणि पुढे पिवळा फिल्टर लावला तर उलट निळा गडद होतो. जहाजाला दिलेले रंग निळसर करडे. म्हणजे नेमकं जे शोधायचं तेच फिल्म बदलून टाकते.

फोटो कुठल्या फिल्मचा आहे हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. ब्रिटिश नौदलाचा झेंडा फोटोत कुठे दिसतो का बघा. पांढऱ्यावर लाल क्रॉस, आणि कोपऱ्यात युनियन जॅक. लाल क्रॉस काळा आणि युनियन जॅकचा निळा फिकट दिसला तर ऑर्थो. निळा लालपेक्षा गडद दिसला तर पॅन. झेंडा नसेल तर खलाशांच्या निळ्या कॉलरकडे बघायचं. मी भिंगानं झेंडे शोधत बसायचो आणि ही म्हणायची, "बोट काढताय का झेंडा?"

एवढं करूनही सावली फसवते. पुढे आलेल्या डेकच्या खालचा भाग उन्हात काळा दिसतो, तो पट्टा वाटतो. खरं तर ब्रिटिश नौदल अशा झाकलेल्या जागांना मुद्दाम पांढरा रंग द्यायचं, सावली फिकी पडावी म्हणून. म्हणजे फोटोत जिथे काळं तिथे प्रत्यक्षात पांढरं. ओला झालेला पत्रा गडद दिसतो. नांगराखालचे गंजाचे ओघळही तसेच. एकाच फोटोवर विसंबून कुठलीही कड काढायची नाही असं ठरवलं. ऊन वेगळ्या दिशेनं असलेल्या निदान दोन फोटोंत ती कड त्याच जागी हवी.

जागा ठरवायची कशी? मी हलवर फ्रेमच्या उभ्या रेषा पेन्सिलीनं आखल्या आणि एका वहीत कोष्टक केलं. पट्ट्याची कड वरच्या ओळीतल्या कितव्या पोर्टहोलपाशी डेकला लागते, पत्र्याचा सांधा कुठे ओलांडते, पाण्याच्या रेषेला कुठे टेकते, असं. डोळ्यानं वळण काढायचं नाही, आधी असे ठिपके टाकायचे आणि मग फ्रेंच कर्व्हनं जोडायचे. पोर्टहोल मोजताना एक लक्षात ठेवावं लागतं. युद्धात खालच्या ओळीतली पुष्कळ पोर्टहोल पत्रा ठोकून बंद केली. आजच्या जहाजावरून मोजलेला आकडा जुन्या फोटोशी जुळेलच असं नाही. टरेटवरचे पट्टे तर आणखी त्रास देतात. तोफा सरळ नाळेच्या दिशेला असतील तरच टरेटवरची कड मागच्या ब्रिजवरच्या कडेशी जुळते. फोटोत टरेट जरा जरी वळलेला असला तरी पट्टा तुटल्यासारखा दिसतो, आणि आपण तो तुटकाच काढून बसतो.

नाळेपाशी हल वर जाताना बाहेर पसरतो. बाजूनं सरळ पाहिलं तर तिथला पट्टा प्रत्यक्षाहून अरुंद दिसतो. ड्रॉइंगमध्ये तो अरुंदच काढायचा, कारण आपण बाजूचं दृश्य काढतोय. पण हेच ड्रॉइंग बघून कुणी मॉडेल रंगवणार असेल तर त्याची पंचाईत होते. त्याच्यासाठी मी नाळेचा भाग उलगडून कोपऱ्यात वेगळा काढला. आमच्याकडे पत्रा कापायला द्यायचा असला की असंच करायचो.

राहिले रंग. ब्रिटिश नौदलाच्या बहुतेक रंगांना नावं नव्हती, नंबर होते. गडद करडा ५०७ए, फिकट ५०७सी. मग एमएस मालिका, त्यात एमएस-१ सर्वात गडद. १९४३ च्या सुमाराला 'बी' आणि 'जी' आले, निळसर आणि करडे. त्यांचा आकडा म्हणजे रंग साधारण किती टक्के उजेड परत फेकतो ते. बी-१५ गडद, जी-४५ फिकट. ही पद्धत मला फार आवडली. कॅटलॉगमधल्या गोड नावांपेक्षा आकडा बरा. हे ठरवणारी मंडळी लेमिंग्टन स्पा या गावात बसत. त्यांत कितीतरी चित्रकार होते. टाकीत पाणी भरून, त्यात जहाजांची छोटी मॉडेलं सोडून, वेगवेगळ्या उजेडात ते पाहत असत.

रंगछटांवरून लोक हमरीतुमरीवर येतात. मी त्यात पडत नाही. जहाजावर रंग कालवणारा खलाशी बादलीत काय घालत होता, तो खाऱ्या वाऱ्यात किती महिन्यांत उडाला, हे सांगणारं कोण आहे? मी उलट क्रमानं गेलो. आधी फक्त करड्याच्या पायऱ्या करून आख्खं ड्रॉइंग काळ्या-पांढऱ्यात रंगवलं. कुठला पट्टा किती गडद, हे जुळलं की निम्म्याहून जास्त काम झालं. मग त्याच गडदपणाचा निळसर करडा पोस्टर कलरमध्ये कालवला आणि पत्त्याएवढ्या तुकड्यांवर लावून, सुकवून, खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात पाहिला. ओला असताना पोस्टर कलर गडद दिसतो, सुकला की उतरतो. ट्यूबलाइटखाली निळा वेगळाच दिसतो. रात्री रंग कालवायचे नाहीत.

इतकं करून हे पट्टे कामाला किती आले, असं एका मित्रानं विचारलं. मी तरी फार मोठा दावा करणार नाही. पट्टे जहाज अदृश्य करण्यासाठी नव्हतेच. पाणबुडीच्या पेरिस्कोपमधून बघणाऱ्याला जहाज कुठल्या दिशेला, किती वेगानं चाललंय, कुठल्या जातीचं आहे, याचा अंदाज चुकावा हा हेतू. उत्तरेच्या ढगाळ उजेडात फिकट रंगाचा फायदा होत असे. पण नॉर्थ केपची लढाई ध्रुवाजवळच्या डिसेंबरात झाली, तिथे दिवस जवळजवळ उगवतच नाही. शार्नहोर्स्ट आधी सापडली ती रडारवर. बेलफास्टनं तिच्यावर उजेड पाडणारे तारागोळे सोडले. सोबतच्या 'नॉरफोक'कडे बिनचमकीची दारू नव्हती, तिच्या तोफांचा जाळ दिसायचा, आणि मार तिलाच बसला. शार्नहोर्स्टवरच्या १,९६८ जणांपैकी ३६ वाचले. हा आकडा वाचल्यावर मी त्या दिवशी ड्रॉइंग पुढे नेलं नाही.

स्टारबोर्ड बाजू पुरी झाली आहे. खाली उजव्या कोपऱ्यात तारीख, प्रमाण आणि कुठला भाग कशावरून काढला ते लिहिलंय. जे फोटोत स्पष्ट दिसलं ते अखंड रेषेत आणि जे अंदाजानं ते तुटक रेषेत. ड्रॉइंग पाहून लोक विचारतात, इथे रेषा तुटक का? मग सांगावं लागतं. पण नंतर कुणाला माझ्यापेक्षा चांगला फोटो मिळाला तर काय दुरुस्त करायचं ते त्याला कळेल. आता पोर्ट, म्हणजे डावी बाजू घेतली आहे. शेपटाकडच्या तुकड्याचा नीट फोटो अजून हाताला लागला नाही, तेवढा भाग कोरा आहे.

कुणाला प्रत हवी असेल तर फाइल देईन, पैसे नकोत. प्रिंट काढायला जाल तेव्हा स्टीलची पट्टी बरोबर न्या आणि दुकानातल्या मुलाला आधीच सांगा, कागदात बसवू नको.